प्रोजेक्टर घ्यायला निघालेलं घर आणि सव्वीस वेळा उचललेला रिमोट

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच माणसांच्या एका घराचं आहे. घर ओळखता येईल असे तपशील काढले आहेत. मापं, नोंदी आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे. घरात आई-वडील, १६ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांचे आजोबा.

हॉल ५.४ मीटर लांब, ३.९ मीटर रुंद, उंची २.८ मीटर. टीव्ही आखूड भिंतीवर. डावीकडची जवळजवळ सगळी भिंत म्हणजे बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, उजवीकडे कोरी भिंत. सोफ्याच्या मागून दारातून स्वयंपाकघराकडे जायची वाट, त्यामुळे सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला नव्हता. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून टीव्हीची भिंत ३.६ मीटर. टीव्ही ४३ इंची, दहा वर्षांचा, आवाज त्याच्याच पोटातल्या, खाली तोंड असलेल्या दोन छोट्या स्पीकरचा.

वडिलांची होम थिएटरची हौस फार जुनी. घराचं रंगकाम निघालं तेव्हा त्यांनी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. माझ्याकडे आले तेव्हा यादी तयार होती: १२० इंची पडदा, छताला टांगलेला ४के प्रोजेक्टर आणि उरलेल्या पैशात एखादा साउंडबार. अंदाजपत्रकाचे दहा भाग केले तर आठ चित्राला आणि दोन आवाजाला, असा हिशेब. त्यांना माझ्याकडून फक्त प्रोजेक्टरचं मॉडेल हवं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

मॉडेल सांगण्याआधी मी त्यांच्याकडून एक आठवडा मागून घेतला. एक वही करायची आणि टीव्ही लागेल तेव्हा लिहायचं: कोण बघतंय, काय बघतंय, किती वाजता, पडदे उघडे की बंद, दिवे चालू की नाहीत. वही आईंनी सांभाळली. पहिल्या दोन दिवसांनंतर त्यांनी आपल्या मनाने एक रकाना वाढवला, 'आवाज'. कोणी आवाज कमी-जास्त करायला रिमोट उचलला की तिथे एक रेघ.

वही परत आली तेव्हा मला त्या रकान्यातच सगळं प्रकरण सापडलं. शनिवारी रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहिला होता. त्या एका ओळीत पाच-पाचाचे पाच जुडगे आणि वर एक रेघ. २६ वेळा. माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, पाठलाग किंवा स्फोट आला की मुलगी दचकायच्या आत कमी करायचा. आणि त्या ओळीच्या शेवटी, कंसात, बारीक अक्षरात: 'बाबा मध्यंतरानंतर उठून गेले'. हे बाबा म्हणजे आजोबा.

वेळांचा हिशेबही बोलका होता. आठवड्यात एकूण २४ तास टीव्ही चालला. पडदे ओढून आणि दिवे मालवून बघितलेले तास ५. उरलेले १९ तास एकतर दिवसाउजेडी नाहीतर दिव्याखाली, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या आजोबांचे: बातम्या, क्रिकेट, दुपारच्या मालिका.

मी वडिलांना विचारलं, "जुन्या टीव्हीचा सगळ्यात मोठा त्रास कोणता?" ते म्हणाले, "लहान आहे." आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कोण काय बोललं ते एकमेकांना विचारत बसावं लागतं." एकाच घरातली ही दोन उत्तरं दोन वेगळ्या यंत्रांकडे बोट दाखवत होती. मागणी चित्राची आली होती आणि रोजचा त्रास आवाजाचा होता.

खोली काय सांगत होती

तिसऱ्यांदा गेलो ते लक्समीटर (प्रकाश मोजायचं यंत्र, एकक लक्स) आणि टेप घेऊन. टीव्हीच्या भिंतीवर पडणारा प्रकाश तीन वेळा मोजला. सकाळी ११ वाजता त्यांचे पातळ पडदे ओढलेले असताना १४० लक्स. संध्याकाळी दिवे लागल्यावर ६०. रात्री कोपऱ्यातला एकच मंद दिवा ठेवून ४.

या आकड्यांचं काय करायचं ते इथे जरा सविस्तर सांगतो, कारण प्रोजेक्टर घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण हा हिशेब करतात. साध्या पांढऱ्या पडद्यावर पडणाऱ्या लक्सला ३.१४ ने भागलं की त्या पडद्याचा उजळपणा 'निट' या एककात मिळतो. म्हणजे सकाळी ११ वाजता प्रोजेक्टर बंद असतानाही पडदा सुमारे ४५ निटने उजळलेला असणार, संध्याकाळी १९ ने, रात्री जेमतेम १.३ ने. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडदा मुळात जितका उजळ, तितकाच त्याचा 'काळा'.

आता प्रोजेक्टरची बाजू. १२० इंची पडदा २.६६ मीटर रुंद, १.४९ मीटर उंच, क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर. खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती प्रकाश फेकतो त्याचा आकडा मोठा असला तरी तो बहुतेक वेळा सगळ्यात भडक, हिरवट मोडमधला असतो. रंग नीट ठेवणाऱ्या मोडमध्ये १,५०० ल्युमेन मिळतील असं मी धरलं. ते पडद्यावर पसरले की सुमारे १२० निट होतात. मग पांढरं आणि काळं यांचं गुणोत्तर: रात्री ९० च्या वर, संध्याकाळी ७, सकाळी ४ सुद्धा नाही. ४ गुणोत्तर म्हणजे क्रिकेटचा चेंडू दिसेल, पण रात्रीच्या प्रसंगात चेहरा दिसणार नाही.

वडिलांनी इथे रास्त प्रश्न केला. "थिएटरमध्ये एवढा मोठा पडदा असतो, तिथे कसं जमतं?" डिजिटल सिनेमागृहात पडद्याच्या मध्यभागाचं मानक फक्त ४८ निट आहे. त्यांच्या हॉलमध्ये १२० मिळणार होते, थिएटरचे ४८ त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथे जमतं कारण भिंती गडद असतात आणि दिवे बंद असतात. हा आकडा ऐकल्यावर ते बराच वेळ बाल्कनीच्या दाराकडे बघत राहिले.

मग अंतर. त्याच ३.६ मीटरवरून ४३ इंची टीव्ही नजरेचा फक्त १५ अंश व्यापत होता. सिनेमासाठी किमान ३० अंश धरतात, आणि थिएटरसारखं गुंगून जायचं असेल तर ४० च्या आसपास. ६५ इंचीला २३ अंश, ७७ इंचीला २७, ८५ इंचीला २९, १०० इंचीला ३४, १२० इंचीला ४०. म्हणजे वडिलांचा १२० चा आग्रह हवेतला नव्हता. त्यांच्या डोळ्यांना जे हवं होतं ते तिथेच होतं. फक्त त्या आकाराचं चित्र त्यांच्या घरात दिवसातले बहुतेक तास फिकट दिसणार होतं.

शेवटची तपासणी टाळीची. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. काच आणि समोरची कोरी भिंत यांच्यामध्ये आवाज टणटणत, थरथरत विरला. अशा खोलीत शब्दांच्या कडा बोथट होतात. स्पीकर कितीही चांगला आणला तरी ही टणटण त्याच्या शब्दांवर पसरणारच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मूळ यादीचा, छताला टांगलेला प्रोजेक्टर. वर सांगितलेल्या प्रकाशाच्या हिशेबाशिवाय त्यात आणखी दोन गोष्टी आड आल्या. ३.९ मीटरच्या भिंतीवर २.६६ मीटरचा पडदा लावला की दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर उरतात, आणि डावीकडे त्यातच काचेच्या दाराच्या पडद्याची घडी येते. पुढचे स्पीकर धड बसणार नव्हते. दुसरी गोष्ट प्रोजेक्टरचं चित्र प्रत्यक्ष बघायला गेल्यावरच कळली. एक चिप आणि फिरतं रंगचक्र असलेल्या प्रोजेक्टरवर काही जणांना नजर हलवताना इंद्रधनुषी चमका दिसतात. वडिलांना दिसल्या नाहीत, मुलांना दिसल्या नाहीत. आईंना पाच मिनिटांत दिसल्या आणि एकदा दिसल्यावर त्या थांबेनात. चित्र बघायला घरातल्या सगळ्यांनी जायचं असा मी हट्ट धरतो तो यासाठीच.

दुसरा पर्याय भिंतीलगत ठेवायचा, अगदी जवळून चित्र फेकणारा प्रोजेक्टर आणि त्याच्यासाठीचा खास उजेडरोधक पडदा. दिवसाही चालतो म्हणून हा बराच पुढे आला होता. पण या पडद्यावरच्या बारीक आडव्या खाचा खालून येणारा प्रकाश प्रेक्षकाकडे पाठवतात आणि वरून, छताच्या दिव्यांकडून येणारा अडवतात. बाजूने येणाऱ्या उजेडाला त्या तितक्या समर्थपणे अडवत नाहीत. या घरात उजेड येतो तो नेमका बाजूने. शिवाय एवढ्या तिरप्या कोनातून चित्र पडत असल्याने पडदा काही मिलिमीटरने फुगला तरी सरळ रेषा वाकड्या दिसतात.

तिसरा, ७७ इंची ओलेड टीव्ही. चित्राच्या दृष्टीने मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःचा प्रकाश स्वतः देतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरोखर काळं, आणि बाजूला बसणाऱ्यालाही चित्र जवळपास तसंच दिसतं. अडचण आजोबांच्या दिनक्रमाची होती. रोज वृत्तवाहिनी, खाली तीच पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो. स्थिर चित्र वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलं तर ओलेडवर त्याचा डाग उमटू शकतो. हल्लीचे संच त्यावर बरेच उपाय करतात, तरी नेमका असाच वापर रोज होणार हे वहीत दिसत असताना तो धोका मी पत्करायला सांगणार नव्हतो. आजोबांच्या बातम्यांवर कुणी मर्यादा घालावी असं होम थिएटर मला कुणाच्या घरात बसवायचं नाही.

चौथा, ८५ इंची मिनी-एलईडी टीव्ही. भरपूर उजळ, डाग पडण्याची काळजी नाही, मागचा प्रकाश शेकडो तुकड्यांत कमी-जास्त होत असल्याने काळाही बऱ्यापैकी गडद. उणे बाजू दोन: काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती हलकी आभा दिसते, आणि कडेला बसलेल्याला रंग थोडे उतरलेले दिसतात.

मुलाने ८के, म्हणजे ४केच्या चौपट ठिपक्यांच्या टीव्हीबद्दल विचारलं. ८५ इंची ४के टीव्हीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला तो वेगळा ओळखायला साधारण १.७ मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. ८के तिथेच निकालात निघालं.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय वर्तमानपत्राने झाला. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून आम्ही भिंतीवर १२०, १०० आणि ८५ इंचाचे आयत केले आणि दोन दिवस तसेच ठेवले. १२० चा आयत काच आणि भिंत दोन्हीकडे टेकायला आलेला दिसला. ८५ चा वडिलांना पहिल्या दिवशी लहान वाटला. तेव्हा मी सोफा ४० सेंटिमीटर पुढे ओढायला सांगितला. डोळे ३.६ वरून ३.२ मीटरवर आले आणि ८५ इंचाचा कोन २९ वरून जवळजवळ ३३ अंश झाला. जुन्या जागेवरून तो ९५ इंची वाटला असता. मागची वाटही रुंद झाली, हा आईंचा फायदा. सोफा ओढायला काही खर्च येत नाही, आणि तरी मोठा टीव्ही घेण्याआधी तो ओढून बघणारं घर विरळाच.

दुसरा निर्णय पैशांच्या वाटणीचा होता आणि तो अवघड गेला. चित्राला आठ आणि आवाजाला दोन, याऐवजी मी साडेपाच आणि साडेचार सुचवले, आणि त्या साडेचारात जाड पडदे आणि गालिचाही धरला. वडील म्हणाले, "पडदे आणि गालिचा होम थिएटरमध्ये कसे धरता?" जाड, चुण्या असलेले पडदे भिंतीवरचे १४० लक्स कमी करणार होते आणि काचेवरून परतणारा आवाजही शोषणार होते. एकाच खर्चात चित्र आणि शब्द दोन्ही सुधारणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. पण एवढ्यावर ते राजी झाले नाहीत. राजी झाले ते वही पुन्हा हातात घेऊन. त्या शनिवारच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी रेघा मोजल्या, कंसातलं वाक्य वाचलं आणि म्हणाले, "बाबांना ऐकू येईल असं करा. मग बाकीचं."

तिसरा, साउंडबार की सुटे स्पीकर. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (नीच स्वरांचा मोठा स्पीकर) यांच्यासाठीच्या ध्वनिपट्टीत संवाद बहुतांशी मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमधून येतात. तो स्पीकर वेगळा असला तर फक्त त्याचाच आवाज दोन-तीन डेसिबल वाढवता येतो, स्फोट आणि संगीत जागेवर ठेवून. काही साउंडबारमध्येही सेंटर वेगळा असतो आणि लहान खोलीत मी तेच सुचवलं असतं. इथे सोफा ३.२ मीटर अंतरावर आणि खोली टणटणीत, म्हणून रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र), पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर असं ठरलं. वरून आवाज देणारे, छतातले अ‍ॅटमॉसचे स्पीकर सोडून दिले. काँक्रीटचं छत फोडून मिळणाऱ्या आनंदापेक्षा शब्द कळण्याचा आनंद मोठा होता.

चौथा निर्णय माझ्या क्षेत्राबाहेरचा. आजोबांना मी विचारलं, "बोलणं मोठं ऐकू येतं पण कळत नाही, असं होतं का?" ते म्हणाले, "अगदी. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं." वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात, आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. आवाज वाढवला की स्वरच आणखी मोठे होतात. मी त्यांना श्रवणतपासणी करून घ्यायला सांगितलं. स्पीकरने त्या दुखण्याचा एक भागच सुटतो, हे आधीच स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटलं.

काम कसं झालं

टीव्ही आणायच्या दिवशी खोकं लिफ्टमध्ये मावेना. ८५ इंची टीव्हीचं खोकं दोन मीटरच्या पुढे जातं. जिन्याच्या वळणावर ते उभं करून, फिरवून न्यावं लागलं. काही मोडलं नाही, पण मोडू शकलं असतं.

उंचीवर थोडी चर्चा झाली. टीव्ही भिंतीच्या मधोमध, म्हणजे बराच वर लावला की भिंत छान दिसते, असं रंगकाम करणाऱ्यांचं म्हणणं. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १.०५ मीटरवर येत होते. टीव्ही १.०६ मीटर उंच. त्याची खालची कड ६० सेंटिमीटरवर ठेवली, तेव्हा मध्य १.१३ वर आला. अडीच तासांच्या सिनेमात मान वर धरून बसावं लागू नये, एवढंच बघायचं होतं.

पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यापासून दीड-दीड मीटरवर, कानांपासून सुमारे २७ अंशांवर बसले. २२ ते ३० अंशांची जी शिफारस असते तिच्यात. मागचे दोन कानाच्या थोडे मागे, ११० ते १२० अंशांच्या पट्ट्यात.

सेंटर स्पीकरने मात्र पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा हिरमोड केला. तो टीव्हीखालच्या कपाटाच्या खणात, आत सरकवून ठेवला होता. संवाद डब्यातून आल्यासारखे घुमत होते आणि आजोबांचा चेहरा तसाच. मी जाऊन तो खणातून काढला, कपाटाच्या वर अगदी पुढच्या कडेला ठेवला आणि पुढच्या बाजूला खाली रबराचे दोन तुकडे देऊन तोंड कानांच्या दिशेने वर केलं. वर टीव्हीच्या कडेपर्यंत दोन सेंटिमीटर जागा उरली. बातम्या चालू होत्या. निवेदिका बोलत होती, आजोबा पुढे झुकलेले होते. दोन वाक्यांनंतर ते मागे टेकून बसले.

सबवूफर सुरुवातीला कोपऱ्यात होता, कारण तिथे तो दिसत नव्हता. कोपऱ्यात प्रत्येक नीच स्वर फुगतो. ३.९ मीटर रुंदीची खोली ४४ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि ५.४ मीटर लांबी ३२ च्या आसपास, त्यामुळे सोफ्याच्या कडेला धडधड आणि मधल्या जागी पोकळी. जुनी युक्ती केली: सबवूफर उचलून सोफ्यावर बसायच्या जागी ठेवला, एकसारखं नीच स्वराचं संगीत लावलं आणि मुलगा कान जमिनीलगत ठेवून पुढच्या भिंतीलगत रांगत गेला. उजव्या कोपऱ्यापासून साधारण मीटरभरावर तो म्हणाला, "इथे स्वर वेगवेगळे ऐकू येतात." सबवूफर तिथे गेला. मायक्रोफोन लावून केलेल्या स्वयंचलित मोजणीनंतर मी दोनच गोष्टी हाताने बदलल्या. सगळे स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली सबवूफरवर सोपवले आणि सेंटर अडीच डेसिबलने वर नेला.

टीव्ही आणि रिसीव्हर ईआर्कने जोडले. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ सोबत आलेली ही सोय टीव्हीतल्या अ‍ॅपचा आणि सेट-टॉप बॉक्सचा पूर्ण दर्जाचा आवाज एकाच वायरीने रिसीव्हरकडे परत पाठवते. चित्रात 'फिल्ममेकर मोड' निवडून कृत्रिम गुळगुळीतपणा बंद केला. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि तो तसाच दिसावा. क्रिकेटसाठी वेगळा, उजळ मोड.

निष्पत्ती

दीड महिन्याने आईंनी पुन्हा आठवडाभर वही लिहिली. शनिवारचा सिनेमा: ४ रेघा, कंस नाही. तपासणीत आजोबांच्या दोन्ही कानांत वरच्या पट्टीची घट निघाली आणि त्यांना श्रवणयंत्रं मिळाली, त्यामुळे त्या चार रेघांचं श्रेय किती स्पीकरचं आणि किती यंत्रांचं, हे मला वेगळं करता येत नाही. यंत्रं येण्याआधीच्या आठवड्यात, आईंच्या आठवणीप्रमाणे, रिमोट दहा-बारा वेळा उचलला गेला होता.

जाड पडदे ओढल्यावर सकाळी ११ चे १४० लक्स १८ वर आले. नेमकं किती उतरतील याचा अंदाज मला नव्हता. एवढे उतरतील असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट बिघडलीही. पहिल्या तीन आठवड्यांत आजोबांनी दुपारचा टीव्ही बघणं जवळजवळ बंद केलं होतं. वीज जाऊन आली की रिसीव्हर भलत्याच इनपुटवर उघडायचा, चित्र दिसायचं आणि आवाज यायचा नाही. घरी कोणी नसायचं. त्यांनी कुणाला सांगितलंही नाही, नुसते बसून राहायचे. नात शाळेतून लवकर आली तेव्हा कळलं. एका रिमोटवर सगळं चालू-बंद होईल अशी सीईसीची (एचडीएमआय वायरीतूनच यंत्रांनी एकमेकांना चालवायची सोय) जोडणी मी केली होती, पण वीज गेल्यानंतर काय होतं ते तपासलं नव्हतं. वीज आल्यावर कोणतं इनपुट उघडावं ते रिसीव्हरमध्ये पक्कं केलं, आणि मुलीने रिमोटमागे ठळक अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'आवाज नसेल तर लाल बटण दोनदा, मग मला फोन.'

वडील समाधानी आहेत, पूर्ण नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर सिनेमा लावला की काळ्या पडद्यावर श्रेयनामावली जाताना अक्षरांभोवतीची आभा त्यांना दिसते आणि १२० इंच आठवतात, असं ते म्हणाले. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसणाऱ्या मुलालाही रंग किंचित उतरलेले दिसतात. हे दोन्ही तोटे आम्ही जाणून पत्करले होते, तरी ते रोज दिसतात हे खरं.

वेगळं काय करता आलं असतं

आवाजाचा रकाना आईंना सुचला, मला नाही. माझ्या प्रश्नांमध्ये फक्त उजेड आणि वेळ होती, म्हणजे मीही चित्राच्याच बाजूने झुकलेलो होतो. तो रकाना नसता तर मी कदाचित प्रामाणिक हिशेबाने चांगला टीव्ही सुचवला असता, साउंडबार तसाच ठेवला असता, आणि आजोबा मध्यंतरानंतर उठून जातच राहिले असते. आता मी वहीत तो रकाना पहिलाच छापून देतो.

श्रवणतपासणी खरेदीच्या आधी व्हायला हवी होती. सेंटरची पातळी मी त्यांच्या आधीच्या कानांना धरून लावली. श्रवणयंत्रं आल्यावर ती त्यांना कर्कश वाटू लागली आणि दीड डेसिबल उतरवावी लागली.

सगळ्यात महाग चूक नळीची. पुढेमागे प्रोजेक्टर घ्यायचा झाला तर भिंत फोडावी लागू नये म्हणून रंगकामाआधी छतापर्यंत वायरीची नळी टाकायची होती. मी तोंडी सांगितलं, व्यास लिहून दिला नाही. वीजकाम करणाऱ्यांनी नेहमीची २० मिलिमीटरची नळी टाकली, तीही दोन काटकोनी वळणं देऊन. एचडीएमआयचं डोकं त्यात शिरेना. ताजं प्लास्टर पुन्हा फोडून ४० मिलिमीटरची, मोठ्या वळणाची नळी टाकली. तांब्याची एचडीएमआय वायर पूर्ण वेगाला चार-पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, तिथे ऑप्टिकल, म्हणजे बारीक तंतूतून प्रकाशाने संकेत नेणारी वायर लागते, आणि ती तीव्र वळणाला नाजूक. म्हणजे वळण सैल असणं व्यासाइतकंच महत्त्वाचं होतं. हे मला माहीत होतं आणि मी ते कागदावर उतरवलं नाही. खोक्याचं आणि लिफ्टचं माप घेणंही तसंच राहून गेलं.

ओलेड नाकारण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. १२० इंचांबद्दल एवढी खात्री नाही. वडिलांचे ते पाच अंधारे तास खरे होते, आणि वहीत ते कमी दिसले म्हणून त्यांना कमी महत्त्वाचे होते असं म्हणता येत नाही. मधल्या काळात ते पुन्हा आले होते. मुलगा दोन वर्षांनी शिकायला बाहेर जाईल, त्याची ३.६ बाय ३ मीटरची खोली रिकामी होईल, तिला एकच खिडकी आहे. ३.६ मीटरची बाजू धरली तर डोळे २.६ मीटरवर येतात, आणि त्या अंतरावर ४० अंशांसाठी ८५-९० इंचांचा पडदा पुरतो. त्या खिडकीचे लक्स आम्ही परवा मोजून ठेवले.